घरच्या कसायाची पावडर लॅबला दिली त्याची हकीकत

लॅबमधल्या मुलीने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, टेस्ट कुठल्या स्पेसिफिकेशनने करायची, एफएसएसएआय की आयुर्वेदिक फार्माकोपिया?" आणि मी गप्प. (पहिली अन्नाची सरकारी मानकं, दुसरं आयुर्वेदिक औषधांच्या कसोट्यांचं सरकारी पुस्तक, हे मागाहून कळलं.) मग म्हटलं अगं कसायाची पावडर आहे, घरची, त्यात काही वाईट नाही ना एवढंच बघायचंय. ती म्हणाली, "वाईट म्हणजे काय काय ते तुम्ही फॉर्मवर लिहून द्यायचं, आम्ही तेवढंच बघतो." तेव्हा मला ती मुलगी जरा उद्धट वाटली होती. पुढे दहा महिने या भानगडीत गेले आणि आता वाटतं की सगळ्या प्रकरणात सरळ बोललेली ती एकटीच.

आधी कसाय काय ते सांगते, गोव्याबाहेरचे लोक कषाय म्हटलं की कडू काहीतरी समजतात. आमच्याकडचा कसाय म्हणजे धणे, जिरे, बडीशेप, थोडी मिरी भाजून कुटायची आणि पाण्यात गूळ घालून उकळवून वर दूध. पाऊस लागला, घसा धरला, नाहीतर संध्याकाळी चहा नको वाटला की कसाय. यात औषध असं काही नाही. पण २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आयुष मंत्रालयाची ती यादी सगळ्यांच्या फोनवर आली, तुळस दालचिनी मिरी सुंठ मनुका यांचा काढा घ्या, हळदीचं दूध घ्या, सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश खा, आणि आमच्या सासूबाईंनी (आम्ही सगळे आईच म्हणतो) धण्याजिऱ्याच्या डब्यात हळद, सुंठ, तुळस, दालचिनी, कुळागरातली (माडपोफळीच्या बागेतली) गुळवेल आणि चिमूटभर किरायतं (कडू झाडपाला) घालून एक नवीनच प्रकार तयार केला. तो वाड्यावर गेला, मग फोंड्याच्या बाजारात ओळखीच्या दुकानात गेला, आणि २०२१ च्या मे महिन्यात तर आम्ही दोघी रात्री अकरा वाजेपर्यंत पुड्या बांधत होतो. त्या मे महिन्यात गोव्यात काय परिस्थिती होती ते आठवतच असेल, सरकारनेसुद्धा १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलेलं, म्हणजे एकूण हवाच अशी होती की काहीतरी घ्या, रिकामं बसू नका.

आणि मग सप्टेंबरात माझ्या नणंदेचे डोळे पिवळे झाले.

अ‍ॅडमिट केलं, एसजीपीटी (लिव्हर बिघडलं की वाढतो तो आकडा) अकराशेच्या वर, हेपॅटायटिसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी विचारलं कुठलं औषध चालू आहे का, ही म्हणाली नाही. परत विचारलं, झाडपाल्याचं काही? नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा माझ्यासमोर तोच प्रश्न झाला आणि मी म्हटलं अगं तू तो रस घेतेस ना रोज. तर म्हणते, "तें वखद न्हय गो!" म्हणजे ते औषध नव्हे. तीन गोष्टी चालू होत्या हिच्या: बाटलीतला गुळवेलीचा रस सकाळी, कुठल्यातरी इम्युनिटीच्या गोळ्या दुपारी, आणि आमचा कसाय संध्याकाळी, दीड वर्ष, खंड नाही. सगळं बंद केलं, अडीच महिन्यांनी लिव्हर जागेवर आलं. तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही की तुमच्या कसायाने झालं. पण डॉक्टरही म्हणाले नाहीत की त्याने नाही झालं, कारण तीन गोष्टींतली कुठली ते सांगायचा काही मार्गच नव्हता.

त्या वेळी मी वाचायला लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा पेशंटांबद्दल लिहिलेलं, गुळवेल घेत होते आणि लिव्हर बिघडलं. आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं की हा अभ्यास दिशाभूल करणारा आहे, पेशंटांनी घेतलेल्या मालात काय होतं ते तपासलेलंच नाही, ती खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्यासारखी दिसणारी विषारी टिनोस्पोरा क्रिस्पा ते कोणी बघितलं? मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ पेशंटांचा पेपर आला, त्यात ऑटोइम्यून प्रकारचा त्रास आधीच अंगात असलेल्यांचं लिव्हर जास्त बिघडतं असा रोख होता. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटल्या. एक म्हणते माणसं आजारी पडली, दुसरी म्हणते त्यांनी नेमकं काय खाल्लं ते सांगा. आणि आमच्या डब्यात नेमकं काय होतं हे मला तरी कुठे माहीत होतं? वेल आमच्याकडे काम करणारा मुकादम आणून देत होता, "बाय, ही अमृतवेल," म्हणून.

तरी लगेच काही केलं नाही. नणंद बरी झाली, आम्ही गुळवेल कमी केली (बंद नाही, कमी, हेही कबूल करते), पुड्या चालूच राहिल्या. २०२३ मध्ये पुण्याहून पुतण्या आला, त्याच्या डोक्यात हे ऑनलाईन विकायचं, नाव ठरवलं, लेबल काढलं, त्यावर मोठ्या अक्षरात "इम्युनिटी बूस्टर". साईटवाल्यांनी त्याच्याकडे लायसन्सचा नंबर आणि सीओए मागितला, सीओए म्हणजे सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस. पुतण्या म्हणाला, काकी एक टेस्ट करून टाकू, दोन दिवसांचं काम.

लायसन्सच्या चौकशीला बांबोळीला एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध खात्याच्या, ऑफिसात गेले, तिथे नीट समजावून सांगितलं. हे औषध म्हणून विकायचं तर आयुर्वेदिक औषध बनवायचं लायसन्स, फॉर्म २५-डी, त्याला शेड्यूल टी नावाच्या नियमाप्रमाणे जागा लागते, कमीत कमी १२०० चौरस फूट झाकलेली, प्रत्येक कामाला वेगळा भाग. आमचं स्वयंपाकघर आणि मागची पडवी मिळून तेवढं होत नाही. अन्न म्हणून विकायचं, साधा मसाला-कसाय, तर तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या धंद्याला एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन होतं, वर्षाचे १०० रुपये. पण मग त्यावर इम्युनिटी, सर्दी बरी होते, असलं काही लिहायचं नाही. आणि गुळवेल-किरायतं घालून इम्युनिटी म्हणायचंच असेल तर ते हेल्थ सप्लिमेंटमध्ये जातं, त्याचं लायसन्स वेगळं आणि मोठं. म्हणजे डबा तोच, चमचा तोच, वरच्या लेबलावर काय लिहिता त्यावर ते अन्न की औषध ते ठरतं. पुतण्याला हे फार आवडलं, त्याला यात वाट दिसली. मला नाही आवडलं, पण ते जाऊदे.

विचारता विचारता अजून एक कळलं आणि त्याने मी जास्त हलले. आयुर्वेदिक औषधांसाठी सुरक्षेचा पुरावा काय द्यायचा ते नियम १५८-बी मध्ये आहे, आणि जे औषध जुन्या ग्रंथात जसं आहे तसंच बनवलंय त्याला साधारणपणे वेगळा सुरक्षेचा अभ्यास द्यावा लागत नाही, फक्त शेड्यूल ई-१ मधली बचनाग-धोतऱ्यासारखी विषारी द्रव्यं त्यात असतील तर लागतो. मी समजत होते की बाजारातल्या प्रत्येक डब्यामागे उंदरांवर नाहीतर माणसांवर काहीतरी तपासणी झालेली असणार. तसं नसतं. डब्यामागे जे असतं ते जास्त करून त्या बॅचचा रिपोर्ट, म्हणजे यात शिसं किती, बुरशी किती. मी जो करणार होते तोच.

तर लॅब. वेर्ण्याच्या बाजूला आहे एक खासगी, एनएबीएलवाली, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली. शोधताना दुसऱ्या एका माणसाचा फोन आलेला, कुठून नंबर मिळाला देव जाणे, म्हणतो "रिपोर्ट पास पाहिजे का साधा पाहिजे?" मी म्हटलं म्हणजे काय? "म्हणजे सॅम्पल तुम्ही चांगलं पाठवा ना मॅडम, आम्ही काय तुमच्या घरी येऊन बघणार?" हे हसण्यावारी नेऊ नका, कारण खऱ्या, सचोटीच्या लॅबच्या रिपोर्टवरसुद्धा खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे निकाल फक्त दिलेल्या सॅम्पलपुरते. तुम्ही निवडून आणलेल्या पुडीपुरते. मी म्हणून आईंना न सांगता, दुकानात ठेवलेल्या पुड्यांमधल्याच चार परत उचलून आणल्या, जुलैत केलेल्या बॅचच्या, नवीन खास अशी बनवली नाही. बुरशीच्या टेस्टसाठी पुडी वेगळी, न फोडलेली द्यायची, बाकीला दोनशे-अडीचशे ग्रॅम. बोरीच्या पुलावर गाड्या अडकलेल्या, ऑगस्टचा पाऊस, मांडीवर कसायाच्या पुड्यांची पिशवी आणि मी एक तास बसमध्ये, लोटलीपर्यंत पोहोचेस्तोवर अख्ख्या बसला सुंठीचा वास.

फॉर्म भरताना तिथल्या केमिस्ट सरांनी मदत केली. गुळवेल असल्यामुळे फार्माकोपियाच्या मर्यादा घेतल्या: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. जंतू एका ग्रॅममध्ये एक लाखापर्यंत चालतात (हो, चालतात, झाडपाला आहे, ऑपरेशन थिएटर नाही), यीस्ट-बुरशी एक हजारापर्यंत, आणि ई-कोलाय, साल्मोनेला हे अजिबात नकोत. वर राख आणि ओलावा. कीटकनाशकं आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशी सोडते ते विष) टाकायचे म्हटल्यावर बिल एकदम चढलं म्हणून कीटकनाशकं सोडली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे रिपोर्टमध्ये ती ओळच नाही, आणि जी ओळ नाही तिच्याकडे कोणी बघत नाही. पैसे एकंदरीत बऱ्यापैकी मोबाईल येईल इतके गेले. पुतण्याने दिले.

रिपोर्ट बारा दिवसांनी मेलवर आला. पुतण्याने आधी पाहिला आणि पुण्याहून फोन, "काकी, पारा बीएलक्यू, कॅडमियम बीएलक्यू, म्हणजे झिरो!" बीएलक्यू म्हणजे झिरो नव्हे, मशीनला मोजता येईल त्याच्या खाली, एवढंच. पण तो वरून वाचत होता, मी खालून वाचत होते. यीस्ट आणि बुरशी: ४२ हजार. ई-कोलाय: प्रेझेंट. ओलावा १३ टक्के. राख १४ टक्के. शिसं ६.२, म्हणजे मर्यादेच्या आत, पास.

ई-कोलाय वाचून मला आधी राग आला, लॅबवरच. म्हटलं त्यांच्याच हाताचा असेल. सरांना फोन केला तर त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. तुळस कशाने धुता? विहिरीच्या पाण्याने. वाळवता कुठे? अंगणात, चटईवर. अंगण कसलं? आणि मी बोलता बोलता थांबले. शेणाने सारवलेलं. आमच्या आईंचं अंगण म्हणजे बघत राहावं असं, दर आठवड्याला सारवण, त्यावर रांगोळी, येणारा-जाणारा कौतुक करून जाणार, आणि त्याच अंगणात जुनी चटई टाकून आम्ही तीन वर्षं तुळस आणि गुळवेल वाळवत होतो. जंतू सापडले ते गुरांच्या पोटातले. आईंना सांगायचं कोणी यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा. शेवटी मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेण म्हळ्यार शुद्धी गो. आमी इतलीं वर्सां पितात, कितें जालां आमकां?" यावर माझ्याकडे उत्तर असं होतं की आम्ही कसाय उकळवून पितो, उकळल्यावर जंतू मरतात, पण पुतण्याच्या लेबलावर लिहिलंय "कोमट पाण्यात एक चमचा". आई म्हणाल्या मग त्याला उकळायला सांग. हे इतकं सरळ होतं की मीच गप्प बसले. पण बुरशीचं तसं नाही, ती वाढताना विष सोडून गेली तर ते विष उकळून जात नाही. आमचं अफ्लाटॉक्सिन सुदैवाने मर्यादेच्या आत आलेलं.

बुरशी कुठून आली ते तर उघड होतं. कुळागर म्हणजे माडपोफळीची सावली, वर पाट वाहतो, जुलैत तिथे उदबत्ती पेटत नाही तर वेल काय वाळणार. आम्ही पावसात पंख्याखाली वाळवत होतो आणि हाताला कोरडी लागली की गिरणीत. आणि ती गिरण पिठाची, आधी कोणाची तरी मिरची, नंतर कोणाचे तरी गहू, मध्ये आमचा कसाय. ज्याला गहू चालत नाही त्याने आमची पुडी घेतली असती तर? हे लॅबनेही विचारलं नाही, मलाच रात्री आठवलं.

राखेवर मात्र सर अडले. म्हणाले मिश्रणाला राखेची ठरलेली मर्यादा नाही, पण १४ जास्त वाटते, माती असेल तर अ‍ॅसिडमध्ये न विरघळणारी राख वाढते, तुमची तीही तेवढी वाढलेली नाही, म्हणजे विरघळणारं काहीतरी आहे. सुंठ कशी दिसते तुमची? पांढरी म्हटलं, छान पांढरीशुभ्र, बाजारात जास्त दराची तीच असते. ते म्हणाले घरी जाऊन तिच्यावर विनेगर टाका. शेजारच्या क्रिस्तांव बाईकडून माडाच्या सुरेचं विनेगर वाटीभर आणलं आणि सुंठेचा तुकडा टाकला तर सोड्यासारखा फेस. चुना! सुंठ पांढरी दिसावी, कीड लागू नये म्हणून चुन्यात घोळवतात, आम्ही तीन वर्षं लोकांना इम्युनिटी म्हणून चुना लावत होतो. (हा विनोद पुतण्याने केला, माझा नाही.) चुन्याने कोणी मरत नाही, पान खाणारे रोज खातात, पण मी सुंठेचे पैसे देत होते ना.

आता शिसं. ६.२ पास होतं, १० च्या आत. पुतण्या म्हणाला झालं ना, पास आहे ते कशाला उकरतेस. पण सर सहज म्हणाले होते की झाडपाल्याच्या अशा चूर्णात इतकं सहसा दिसत नाही, एकाच कुठल्यातरी वस्तूतून येत असणार. २००८ मध्ये जामा या अमेरिकन जर्नलमध्ये इंटरनेटवर मिळणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासल्याचं आलं होतं, साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. लोक म्हणतात ती भस्मं, रसशास्त्राची, त्यात धातू मुद्दामच असतात. खरंय, त्यात जास्तच होतं, पण भस्म नसलेल्या साध्या औषधांतसुद्धा १७ टक्क्यांमध्ये सापडलं. ते कुठून येतं? मातीतून, दळायच्या मशीनमधून, आणि रंगातून. आमच्यात रंगीत वस्तू एकच, हळद. ती मी बाजारातून दळलेली आणत होते, झगझगीत पिवळी. मिश्रणात तिचा वाटा पाचवा. तेवढीच एक पुडी वेगळी करून लॅबला दिली आणि शिशाबरोबर क्रोमियमपण बघा सांगितलं. त्यांनी ती पावडर नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बंद भांड्यात तापवून पार पाणी केली आणि धातू मोजायच्या त्या आयसीपी-एमएस नावाच्या मशीनमध्ये घातली, मला काचेतून दाखवलं, दिसायला फ्रिजसारखंच आहे आणि आत हजारो डिग्रीची ज्वाळा. शिसं २७, क्रोमियमही वर. दोन्ही एकत्र वर म्हणजे लेड क्रोमेटचा संशय, पिवळा रंग, जो बाहेर भिंतींना आणि गाड्यांना मारायच्या रंगात वापरतात आणि निस्तेज हळद चमकवायला कोणीतरी कुठेतरी मिसळतो. सर म्हणाले संशय, सिद्ध नव्हे, मशीन फक्त धातू मोजतं, तो कुठल्या रूपात आला ते नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो वरून येते तशी विकतो, आणि तो खोटं बोलत असेल असं मला वाटलं नाही.

हिशोब करा, २७ चा पाचवा हिस्सा साडेपाचच्या आसपास. आमचं जवळजवळ सगळं शिसं एका हळदीचं. आणि मिश्रणाचा रिपोर्ट पास!

गुळवेलीचं मी शेवटी ठेवलं कारण त्याचीच भीती होती. लॅबमध्ये एचपीटीएलसी करून ओळख पटवतात, प्लेटवर पट्टे उमटतात आणि ते खऱ्या नमुन्याच्या पट्ट्यांशी जुळवायचे, पण आमच्या आठ-दहा वस्तूंच्या खिचडीत सर म्हणाले नीट कळणार नाही, दळायच्या आधीची वेल आणा. त्याआधी शिरोड्याच्या आयुर्वेद कॉलेजात शिकलेल्या आमच्या ओळखीच्या एक वैद्य आहेत त्यांना दाखवली. त्या म्हणाल्या मशीन मागाहून, आधी मला झाड दाखव. गमबूट घालून कुळागरात आल्या. मुकादम दोन ठिकाणांहून वेल तोडत होता, एक आंबाड्याच्या झाडावरची, एक वर काजूच्या डोंगराकडची. आंबाड्यावरचीचं पान गुळगुळीत, खोड आडवं कापलं तर आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या, चक्रलक्षणिका म्हणतात ते हेच असं त्यांनी दाखवलं, मला जाम आवडलं ते. डोंगराकडच्या वेलीचं पान त्यांनी उलटं केलं आणि माझा अंगठा त्यावर फिरवला. मखमल. बारीक लव. म्हणाल्या ही बहीण आहे तिची, टिनोस्पोरा सायनेन्सिस, काही भागांत गुळवेल म्हणून चालवतात, पण फार्माकोपियात गुडुची म्हणून लिहिलीय ती ही नव्हे. विषारी आहे का विचारलं. "ती विषारी क्रिस्पा ही नाही, तिच्या खोडावर गाठी गाठी असतात. पण तू पुडीवर कॉर्डिफोलिया लिहिणार आणि आत अर्धी ही असणार, मग तुझ्या नणंदेचे डॉक्टर विचारतील काय घेतलं तर तू काय सांगशील?"

मी त्यांना आणि नंतर लॅबच्या सरांना दोघांनाही एकच प्रश्न विचारला, की समजा सगळं नीट केलं, वेल खरी, शिसं नाही, जंतू नाहीत, तर मग माझ्या नणंदेला हे सेफ आहे का? सर म्हणाले, "मी तुम्हाला यात शिसं किती ते सांगू शकतो, तुमच्या नणंदेत काय आहे ते नाही." वैद्यबाई म्हणाल्या गुळवेल दीड वर्ष रोज घ्या असं कुठल्या वैद्याने सांगितलेलं तिला? कोणीच नाही. औषधाला मात्रा असते, अनुपान (कशाबरोबर घ्यायचं ते) असतं, किती दिवस घ्यायचं ते असतं, आणि चूर्णाचा चमचा वेगळा, घट्ट रसाचा आणि अर्काच्या गोळीचा वेगळा. आईंची शुगरची गोळी चालू आहे, गुळवेलीने शुगर अजून खाली जाऊ शकते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं, मला माहीत नव्हतं, आणि आई तर रोज दोनदा पीत होत्या.

पुढचं भराभर सांगते. गुळवेल आणि किरायतं दोन्ही पूर्ण काढलं. इम्युनिटी शब्द काढला, पुतण्या आठ दिवस बोलत नव्हता. हळद आमच्याच कुळागरातली, उकडून, मार्चच्या उन्हात वाळवून, रंग मळकट, पण आपला. धणेजिरे एप्रिलमध्ये, माळ्यावर पत्र्याखाली स्टीलच्या ट्रेमध्ये, वर जाळी, अंगणात काही नाही (अंगण अजून शेणानेच सारवतो, रांगोळीही असते). दळायला छोटं पल्वरायझर, दुसरं काहीच त्यात दळायचं नाही. प्रत्येक बॅचची एक पुडी सील करून तारखेसकट कपाटात, उद्या कोणी काही म्हणालं तर तपासायला माल हवा. मे २०२४ मध्ये परत लॅब: ओलावा ७, बुरशी तीनशेच्या आत, ई-कोलाय नाही, शिसं ०.७. या वेळी कीटकनाशकं पण टाकली, जिऱ्यात एक सापडलं, मर्यादेच्या आत. आईंनी विचारलं पास का, म्हटलं पास. "पयलीं बरो लागतालो," म्हणाल्या, म्हणजे आधीचा चवीला बरा होता. बहुतेक चुन्याने.

विकत घेणाऱ्यांसाठी एक, कारण बऱ्याच जणांनी विचारलं की आम्ही घेतलेला डबा तपासता येतो का. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असेल तर ते अन्न आहे, आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गिऱ्हाईकालाही फी भरून तपासून घेता येतं, माल खराब निघाला तर फी परत मिळते. फक्त घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला नेतोय. तेवढं धाडस करून बघा, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि कंपनीकडे सीओए मागा, त्यावरचा बॅच नंबर आपल्या डब्याशी जुळतो का बघा, मला एकाने दोन वर्षांपूर्वीचा पाठवला होता.

नणंद आता कसाय पिते, साधा, धण्याजिऱ्याचा. बाटलीतला रस तिच्या फ्रिजमागे अजून पडलाय, फेकत नाही, म्हणते महागाचा होता.

पुढची बॅच वैशाखात करायची आहे. सगळं जमलंय, सुंठ तेवढी मिळत नाही मनासारखी, गेल्या वेळी सावईवेऱ्याहून आणली ती बरी होती पण दोनच किलो मिळाली. फोंडा, सत्तरी, सांगे कुठेही कोणाकडे चुना न लावलेली, मळकट दिसणारी घरची सुंठ असेल तर सांगा, दर बाजारातल्या पांढरीचाच देईन. विनेगर घेऊन येईन, राग मानू नका.